मोकळं करण्यात आलं आहे

"सुटलीस म्हणे म्यूरिअल!" खाटकाच्या दुकानात काउंटरमागून डेस मोठ्याने म्हणाला. "बरं झालं बाई. मी म्हणतच होतो, तू काही अडकत नाहीस."

दुकानात तीन-चार बायका होत्या. सगळ्या वळून हसल्या. एकीने तिच्या दंडावर थोपटलंसुद्धा. म्यूरिअल ओल्ड्रॉइडने हातातली पिशवी खाली ठेवली.

"सुटले? कशातून सुटले?"

"अगं, त्या भानगडीतून."

"चोर सुटतो, डेस. धरलेला असतो म्हणून सुटतो. मी काय केलं होतं?"

"तसं नाही गं राणी..."

"मग कसं?"

डेस सुरी पुसत राहिला. त्या इंग्रज गावात आवाज चढलेला कुणाला सोसत नाही. तो चढला, की माणसं हवेबद्दल बोलू लागतात.

"थंडी सुरू झाली की नाही!" डेस म्हणाला. "नेहमीचे मटणाचे दोन चॉप देऊ ना?"

ती काही न घेता बाहेर पडली. कानशिलं तापली होती. महिनोन् महिने याच बायका तिला पाहून रस्त्याच्या पलीकडे जात होत्या, आणि आज थोपटत होत्या.

म्यूरिअल शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देण्याचं काम करायची. पिवळाधमक लांब कोट घालायचा, हातात उंच काठी धरायची, काठीच्या टोकाला 'थांबा' लिहिलेली गोल पाटी. दुरून ती काठी मुलांच्या चोखायच्या गोळीसारखी दिसते, म्हणून तिकडे अशा बाईला लॉलीपॉपबाई म्हणतात. नवरा गेल्यावर तिने हे काम धरलं. आता शाळेत मुलं सोडायला येणाऱ्या आयांपैकी निम्म्याजणी लहानपणी तिच्याच काठीसमोरून गेलेल्या होत्या. प्रत्येक नव्या पोराला ती न कंटाळता तेच शिकवायची. "आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे. आणि गाडी थांबली तरी ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचं. त्याने तुला पाहिलंय का, ते बघायचं."

मार्चमध्ये ग्लेन सग्डेनची व्हॅन थांबली नाही. टेस कॅपस्टिक नावाच्या मुलीचा पाय मोडला. ग्लेनचा छपरं दुरुस्त करायचा धंदा होता आणि गावात तो सगळ्यांना हवाहवासा होता. मुलांच्या फुटबॉल संघाचे शर्ट त्यानेच दिलेले. तो म्हणाला, "काठी खाली होती. बाईंनीच मला जा म्हणून हात केला." बास. म्यूरिअलचा कोट आणि काठी काढून घेतली गेली, आणि चौकशी सुरू झाली. टेसची आई ब्रायनी पोस्टाच्या दारात सगळ्यांदेखत तिच्या अंगावर आली होती. "माझ्या पोरीचा पाय तुमच्यामुळे मोडला!" म्यूरिअलने तेव्हा काही उत्तर दिलं नव्हतं. ज्या आईची पोर इस्पितळात आहे, तिला काय उत्तर द्यायचं?

मग कधीतरी समोरून आलेल्या बसच्या कॅमेऱ्यातलं चित्रण सापडलं. त्यात काठी उभी होती. टेस रस्त्याच्या मधोमध होती. आणि ग्लेन मान खाली घालून मांडीवरच्या फोनकडे बघत होता.

कौन्सिलच्या, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेच्या, कचेरीतून तिला फोन आला. कुणीतरी मऊ आवाजात म्हणालं, "मिसेस ओल्ड्रॉइड, तुम्हाला मोकळं करण्यात आलं आहे."

इंग्रजीत यासाठी एक साधं क्रियापद आहे, क्लिअर. जेवणं झाली की टेबल क्लिअर करतात. बर्फ पडला की रस्ता क्लिअर करतात. आणि ज्याच्यावर आळ आला, त्या माणसालाही क्लिअरच करतात. टेबल कुणीतरी आवरतं. बर्फ कुणीतरी फावड्याने ओढतं. माणसाची पाळी आली, की मात्र इंग्रज माणसाला करणाऱ्याचं नाव घ्यायला नको वाटतं. माणूस मोकळा 'करण्यात येतो'. वाक्य पुरं होतं, व्याकरणात खोट निघत नाही, आणि वाक्याच्या मागे जाऊन पाहावं तर तिथे कुणीच नाही.

"कोणी केलं?" म्यूरिअलने फोनवर विचारलं होतं.

"म्हणजे?"

"मला मोकळं कोणी केलं? तुम्ही?"

"छे छे, मी नाही. मी फक्त कळवतोय."

"मग तुमच्या साहेबांनी?"

"तसं कुणा एकाने नाही हो. चौकशीतून तसं निघालं आहे."

"आणि मार्चमध्ये मला दोषी कोणी धरलं होतं? तेही चौकशीतूनच निघालं होतं? तेव्हा तर चौकशी सुरूही नव्हती!"

पलीकडचा माणूस तिला दिवस चांगला जावो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

खाटकाकडून ती तशीच शाळेत गेली. मुख्याध्यापक फेअरहर्स्ट यांनी तिला बोलावलंच होतं. माणूस वाईट नव्हता. स्वतः उठून त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा दिला.

"सोमवारपासून या तुम्ही. मुलं वाट बघताहेत. आज दुपारी हॉलमध्ये छोटासा कार्यक्रम ठेवलाय. पालक येतील, केक आहे, तुमचा कोट तुम्हाला परत द्यायचा."

"कोट घेईन," म्यूरिअल म्हणाली. "पण सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायचं. 'बाईंची चूक नव्हती, आम्ही त्यांच्यावर खोटा आळ घेतला.' आणि त्यातलं 'आम्ही' तुमच्या तोंडून आलं पाहिजे."

फेअरहर्स्ट यांनी चष्मा काढला. "शब्द जरा जपून वापरा, असं वरून सांगितलंय. तुमची चूक नव्हती म्हटलं, की लगेच प्रश्न येतो, मग कुणाची?"

"येऊ दे की."

"ग्लेनचं प्रकरण पोलिसांकडे आहे. आणि त्याची मुलं आपल्याच शाळेत आहेत, मिसेस ओल्ड्रॉइड."

"टेस कुठल्या शाळेत आहे?"

फेअरहर्स्ट चष्म्याची काच पुसू लागले.

"मी भीक मागत नाहीये," ती म्हणाली. "माझ्यावर आळ घेताना सगळ्यांना तोंड होतं. नाव घेऊन बोलत होते. आता तेवढ्याच तोंडाने बोला. नाहीतर मला तो कोट नको."

"माझ्यावर सोडा," फेअरहर्स्ट म्हणाले. "मी बरोबर सांगतो."

दुपारी हॉल भरला. मागे लांब टेबलावर चहाची किटली आणि लिंबाचा केक. पहिल्या रांगेत ब्रायनी, शेजारी टेस. पाय आता बरा होता, पण ती तो अजून जपून ठेवत होती. दुसऱ्या रांगेत ग्लेन, स्वच्छ शर्ट घालून, हातात चहाचा कप. म्यूरिअलला समोर खुर्ची दिली होती. घडी घातलेला पिवळा कोट तिच्या मांडीवर आणून ठेवला गेला.

फेअरहर्स्ट उभे राहिले. हवेबद्दल बोलले. गाव एकमेकांना कसं धरून आहे, ते बोलले. मग घसा खाकरून म्हणाले, "आणि मला सांगायला अतिशय आनंद होतो, की मिसेस ओल्ड्रॉइड यांना पूर्णपणे मोकळं करण्यात आलं आहे."

टाळ्या वाजल्या. बेताच्या, सभ्य टाळ्या.

म्यूरिअलने वर्गात मुलं करतात तसा हात वर केला. टाळ्या विरत गेल्या.

"कोणी?" तिने विचारलं.

"काय?"

"मला मोकळं करण्यात आलं आहे म्हणालात. कोणी केलं?"

कुणीतरी मागे हसलं, तिने गंमत केली असं वाटून. फेअरहर्स्ट यांचे कान लाल झाले. "कौन्सिलने, अर्थात. आपण सगळ्यांनीच..."

"सगळ्यांनी म्हणजे कोण? एक जण उठून नाव सांगा. 'मी म्हणालो होतो ही दोषी आहे, मी चुकलो.' एवढंच. फार मोठं वाक्य नाहीये. तुमची पोरं वर्गात याच्याहून मोठी वाक्यं लिहितात."

"कशाला आता, म्यूरिअल," मागून एक बाई हळूच म्हणाली. "चहा गार होतोय."

तेव्हा ग्लेन उठला. त्याने कप शेजारच्याच्या हातात दिला आणि हसून म्हणाला, "मिसेस ओल्ड्रॉइड, माझ्या मनात तुमच्याबद्दल काहीही नाही बरं का. कधीच नव्हतं. झालं गेलं विसरून जाऊ."

लोकांना हायसं वाटलं. 'शाब्बास ग्लेन' असं कुणीतरी पुटपुटलंही. म्यूरिअल त्याच्याकडे बघत राहिली.

"तू मला माफ करतोयस?" ती म्हणाली.

"तसंच समजा," ग्लेन म्हणाला.

"तू. मला."

ग्लेनचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्याला आता काही अर्थ उरला नाही. म्यूरिअलने ब्रायनीकडे पाहिलं. ब्रायनी टेसच्या वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधत होती.

म्यूरिअल उठली. कोट तिने खुर्चीवर नीट ठेवला, बाह्या आत दुमडून. मग मधल्या वाटेने चालत हॉलच्या बाहेर गेली. तिच्यामागे कपबशा वाजू लागल्या.

फाटकापाशी ब्रायनीने तिला धावत येऊन गाठलं. "मिसेस ओल्ड्रॉइड, थांबा. मला माहितेय तुमची चूक नव्हती. मी ते चित्रण पाहिलंय. त्या दिवशी पोस्टात मी... मी तुम्हाला फार वाईट बोलले हो."

"हे आत सांग," म्यूरिअल म्हणाली.

"आत?"

"आत. सगळ्यांदेखत बोलली होतीस. सगळ्यांदेखत सांग."

ब्रायनीने हॉलच्या खिडकीकडे पाहिलं. "माझा नवरा ग्लेनकडे कामाला आहे," ती अगदी हळू म्हणाली. "तुम्हाला कळत नाही का?"

"कळतं गं."

"मग?"

"मग तू मला काहीच सांगितलेलं नाहीस. जा, केक संपेल."

ब्रायनीचे डोळे भरले होते. ती परत गेली. खिडकीतून म्यूरिअलला ती दिसली. कुणीतरी तिला कप दिला. तिने तो घेतला आणि ती ग्लेनच्या मागच्या रांगेत जाऊन बसली.

शाळा सुटली होती. बालवर्गातली पोरं जोडीजोडीने फाटकातून बाहेर येत होती. रस्त्याच्या मधोमध तात्पुरती नेमलेली एक तरुण बाई काठी घेऊन उभी होती. तिला दिलेला दुसरा पिवळा कोट तिच्या अंगावर सैल होत होता. म्यूरिअल आपल्या साध्या तपकिरी कोटात पोरांच्या रांगेशेजारी पदपथावर उभी राहिली. तिलाही पलीकडेच जायचं होतं.

रांगेतल्या सगळ्यात लहान पोरीने वर पाहिलं, तिला ओळखलं, आणि सहज आपला हात तिच्या हातात दिला.

म्यूरिअलने तो क्षणभर धरला. मग पोरीची टोपी कानांवर नीट ओढली आणि हात सोडवून घेतला.

"मी नाही बाळा," ती म्हणाली. "आता त्या बाई नेतील."