कळी की पिल्लू

ओंग्कित लग्न होऊन तीस्तेच्या अलीकडच्या त्या डोंगरगावात आली, तेव्हा नणंदेनं तिच्या हातात फुटक्या कपात लावलेलं एक सुनाखरीचं, म्हणजे ऑर्किडचं, रोप ठेवलं. उसासारख्या पेरांच्या दोन करंगळीएवढ्या कांड्या, टोकाला चार पानं, बस्स. ही नणंद, नक्झिम दिदी, वरच्या वस्तीवर राहायची आणि मंगन शहरातल्या वसंत मेळ्यात सुनाखरीचं पहिलं बक्षीस दरवर्षी तिच्याच घरी जायचं. रोप देताना ती एवढंच म्हणाली, "जगलं तर बघू."

ते 'जगलं तर' ओंग्कितच्या डोक्यात जाऊन बसलं.

तिनं त्या रोपाचे असे लाड केले की नवरा लिग्याल म्हणायचा, माझ्यापेक्षा त्या कपाचं नशीब चांगलं. थंडी पडायला लागल्यावर तिनं ते चुलीजवळच्या फळीवर आणून ठेवलं. रोज सकाळी कोमट पाणी, आठवड्याला शेणाचं पातळ पाणी. सासूबाई, म्हणजे आमा, तांदळाचं धुवण ओतायच्या ते वेगळंच. रोप टवटवीत राहिलं, एक पान गळलं नाही. वसंतात पेरापेरांवर फुगीर ठिपके आले आणि ओंग्कितनं अख्ख्या वस्तीला सांगितलं की फुलं येणार.

फुलं आली नाहीत. प्रत्येक ठिपक्यातून एकेक हिरवं पिल्लू फुटलं, इवल्याशा पानांचं, खाली पांढरी मुळं लोंबणारं. दिदीनं चहाचा कप हातात घेऊन रोपाभोवती एक चक्कर मारली.

"बाळंतीण झालीय," ती म्हणाली. "मेळ्याला काय नेणार, पाळणा?"

आमासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. ओंग्कित हसली नाही.

उत्तर तिला सापडलं ते पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, आणि तेही गवत कापायला गेली असताना. वेलचीच्या मळ्याच्या वर एक जुनं, शेवाळानं भरलेलं झाड होतं. गेल्या वसंतात ते जांभळ्या फुलांनी नुसतं लहडलेलं तिनं पाहिलं होतं. आता वर बघते तर त्याच्या खांदीवर रानातल्या सुनाखरीचे झुबके वाळक्या काड्यांसारखे लटकत होते. पानं पिवळी पडून झडत चाललेली, कांड्यांना सुरकुत्या. पाऊस कधीच थांबला होता. इथे कोण चूल पेटवतंय, कोण कोमट पाणी घालतंय? आणि तरी फुलं येतात ती इथेच.

तिच्या हातातला विळा तसाच राहिला. मग ती गवताचा भारा तिथेच टाकून वरच्या वस्तीपर्यंत जवळजवळ धावतच गेली.

"दिदी, हिवाळ्यात त्याला उपाशी ठेवायचं असतं ना? उघड्यावर, थंडीत?"

नक्झिम दिदी मक्याची कणसं सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक असल्याशिवाय बक्षिसं येतात होय?"

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? तू तर मलाच सांगत होतीस, फुलं येणार म्हणून."

ओंग्कितला राग यायला हवा होता, पण अंगात असा उत्साह भरला होता की रागाला जागाच उरली नव्हती. त्याच दिवशी तिनं रोप घराबाहेर वळचणीखाली टांगलं, जिथे सकाळचं ऊन लागेल आणि दव पडणार नाही. वसंतानंतर ते कपातून कुंडीत गेलं होतं आणि पावसाळाभर त्याला भरपूर खायला-प्यायला मिळालं होतं. नव्या कांड्या अंगठ्याएवढ्या जाड झाल्या होत्या. आता पाणी बंद.

पानं गळायला लागली तसा आमांचा जीव कासावीस झाला. एका सकाळी ओंग्कितनं त्यांना पेला पदराआड लपवून वळचणीकडे जाताना पकडलं.

"तुझं लेकरू असतं तर असं तहानलेलं ठेवलं असतंस?" आमा उलट तिच्यावरच डाफरल्या.

"लेकरू असतं तर रडलं असतं, आमा. ह्याला झोप लागलीय. झोपलेल्याच्या तोंडात कुणी पाणी ओततं का?"

आमांनी पेल्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि आत गेल्या. पण त्या दिवसापासून वळचणीखाली कुणी हंडा जरी टेकवला तरी त्या आतून ओरडायच्या.

हिवाळा संपत आला तशी उघड्या कांड्यांच्या पेरांवर पुन्हा ठिपके दिसले. एक, चार, मग मोजायची सोयच राहिली नाही. आता खरी घालमेल सुरू झाली. कारण सुरुवातीला कळी आणि पिल्लू सारखंच दिसतं. ओंग्कित उठल्या उठल्या केस न विंचरता बाहेर पळायची. लिग्याल जीप सुरू करण्याआधी एकदा वाकून बघायचा. शेजारीपाजारी येऊन मत देऊन जायचे. पिल्लू असेल तर टोक अणकुचीदार होऊन वर धावतं, कळी असेल तर गोल फुगून बाहेरच्या बाजूला येते, असं दिदीनं आता न विचारता सांगितलं होतं.

एका सकाळी आमांनीच हाक मारली. "सूनबाई, ये लवकर. हे गोल झालंय."

गोल झालं होतं. एक नव्हे, सगळे. दोन-दोन, तीन-तीन कळ्यांचे झुबके प्रत्येक पेरावर. ओंग्कितनं आमांना मिठी मारली तेव्हा दोघी पडता पडता वाचल्या. आता हळूहळू पाणी सुरू झालं, आणि मेळ्याच्या आठवड्यात ते झाड असं फुललं की कांडी दिसेना. पांढऱ्या पाकळ्या, टोकांना जांभळी झाक, आणि गळ्यात गडद, जवळजवळ काळा ठिपका.

मेळ्याच्या सकाळी लिग्यालच्या जीपमध्ये दोन कुंड्या होत्या, बायकोची आणि बहिणीची. मंगन समोर दिसायला लागलं आणि रस्ता संपला. पहाटे दरड कोसळली होती. पलीकडे मशीन काम करत होतं, पण जीप दुपारपर्यंत जाणार नव्हती. परीक्षण त्याआधीच होतं.

"चालत जाऊ," ओंग्कित म्हणाली. तिनं गाडीतला डोको, पाठीवरची वेताची टोपली, रिकामा केला, तळाशी गवत घातलं आणि आपली कुंडी त्यात बसवून पट्टा कपाळावर घेतला. दिदीची कुंडी मोठी होती आणि दिदीचे गुडघे दुखत होते. दोघी लिग्यालकडे बघायला लागल्या.

"बायकोच्या विरुद्धचं झाड मी उचलू?"

"बहिणीचं उचल," दिदी म्हणाली, आणि त्यानं मुकाट्यानं ते खांद्यावर घेतलं.

मजुरांनी मशीन थांबवलं. दगडमातीच्या ढिगावरून एकेक पाऊल चाचपत तिघं निघाली. मध्येच वरून खडे घरंगळले. कुणीतरी "पळा" म्हणून ओरडलं. ओंग्कितनं एका हातानं दिदीचं मनगट धरलं आणि शेवटचा टप्पा दोघींनी अक्षरशः धावत पार केला. पलीकडे पोचल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं ते फुलांचं. दिदीनं टोपलीत डोकावून पाहिलं.

"तीन गळलीत. उरलेली मोजत बसलीस तर मेळा संपेल. चल."

तिघं पोचली तेव्हा परीक्षक शेवटच्या टेबलाशी होते आणि जागा एकच शिल्लक होती. दिदीनं आपली कुंडी कडेला सरकवली आणि दोन्ही दाटीवाटीनं शेजारी ठेवल्या. लोक जमले. पाठीमागून माना उंचावून बघायला लागले. ओंग्कितचे पाय चिखलानं भरले होते, कपाळावर पट्ट्याचा लाल वळ होता, आणि छाती इतकी धडधडत होती की नाव पुकारलेलं तिला ऐकूच आलं नाही. लिग्यालनं तिला पुढे ढकललं. पहिलं बक्षीस तिचं होतं. दुसरं दिदीचं.

नंतर तिघं मोमो खायला बसली. दिदीनं चटणी दोनदा मागून घेतली, तिखट आहे म्हणून डोळे पुसले.

"माझ्याकडे एक पिवळी आहे," शेवटी ती म्हणाली. "अजून कुणाला दाखवली नाही. उद्या वर ये, कुंडी बदलायला हात लाव. पुढच्या वर्षी तुला हरवणार आहे."

"उद्या कशाला," ओंग्कित उठतच म्हणाली, "आजच जाऊ."