रविवारचं पाणी

नोकरीत असताना त्यांना सगळे थेंबमास्तर म्हणत. शहराला पाणी पुरवणाऱ्या शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, कितव्या थेंबाला पाण्याचा रंग बदलतो ते बघायचं आणि आकडा लिहायचा. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, नाव मात्र चिकटून राहिलं.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा लेक त्यांना दोन महिन्यांसाठी म्हणून आपल्या घरी घेऊन आली. आता आठवा महिना चालू होता. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे परत जायचा विषय लेक काढूच देत नव्हती. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली होती : लेकीच्या संसारात नाक खुपसायचं नाही. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर पेपर वाचायचा.

जावई लिफ्ट बसवण्याच्या कामात होता. माणूस सरळ, कष्टाळू, पण तोंडात कायम मिठाची गुळणी. सासरे-जावयाचं रोजचं बोलणं ठरलेलं होतं. "पाय कसा आहे, बाबा?" "बरा आहे." "जेवलात?" "हो." झालं, आटोपलं. मग जावई स्टूल ओढून बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीसमोर बसायचा तो तासभर उठायचा नाही.

टाकी चार फूट लांब होती आणि तिच्यात समुद्रासारखं खारं पाणी होतं. मासे चारच. खरी हौस होती ती प्रवाळांची. लांबून बघणाऱ्याला ती झुडपं वाटावीत, पण ते जिवंत प्राणी. दगडाला चिकटून बसायचे, पाण्यातलं कॅल्शियम ओढून अंगाखाली स्वतःचा सांगाडा बांधत राहायचे. लेक म्हणायची, "बाबा, नवरा मला पाण्यात पाहतो असं म्हणायचीही सोय नाही. तो नुसता पाण्याकडेच पाहतो."

गेले काही महिने मात्र प्रवाळांचं काहीतरी बिनसलं होतं. बशीच्या आकाराचं एक हिरवं प्रवाळ होतं, जावयाचं सगळ्यात जुनं. त्याची कड पांढरी पडत चालली होती. बाकीच्यांचे इवले इवले हात दिवसदिवस मिटलेले असायचे. जावई दिवा खालीवर करून बघायचा, पंप हलवून बघायचा, पुस्तकं चाळायचा आणि शेवटी हात टेकून नुसता बघत बसायचा. मास्तरांना पेपराआडून सगळं दिसत होतं. पण विचारलं कुणी होतं?

अशात जावयाला चार आठवड्यांसाठी परगावी जावं लागलं. तिथे एका बारा मजली इमारतीत लिफ्ट बसवायच्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्याने टाकीखालच्या कपाटाच्या दारावर बारीक अक्षरात लिहिलेला कागद चिकटवला.

"बाबा, रोज फक्त तीन कामं," तो म्हणाला. "पाणी उडून पातळी खाली जाते, तेवढं गोडं पाणी घालायचं. खारं नाही. मीठ उडत नाही, पाणीच उडतं."

"ते मला माहीत आहे, जावईबापू," मास्तर म्हणाले. एवढं तरी म्हणणं भाग होतं.

"हो, तुम्हाला कसं माहीत नसेल," जावई ओशाळला. "मग तापमान बघायचं आणि माशांना चिमूटभर खाणं. रविवारी पाणी बदलायचं काम ही करेल. तुम्ही बादली उचलायची नाही."

सोमवारी तो गेला. मंगळवारी मास्तरांनी नेमून दिलेली तीन कामं केली. बुधवारी कपाट उघडल्यावर त्यांच्या हाताला पाणी तपासायची पेटी लागली. पिचकारी, काचेची कुपी, थेंबांची बाटली. तिच्याखाली जावयाची वही होती. त्यांनी सहज पानं उलटली. अल्कलिनिटी, म्हणजे प्रवाळांना सांगाडा बांधायला जे द्रव्य लागतं त्याचा पाण्यातला साठा, गेल्या रविवारी साडेआठ. त्याआधीच्या रविवारी साडेआठ. वर्षभर सगळीकडे साडेआठ, कुठे फार तर सव्वाआठ. मास्तरांना कौतुक वाटलं. आमच्या केंद्रातही इतकं नीट कुणी लिहीत नव्हतं, असं ते स्वतःशी म्हणाले.

मग राहवेना म्हणून त्यांनी कुपीत पाणी घेतलं, रंगाचे थेंब टाकले आणि कुपी डोळ्यांच्या रेषेत धरली. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत हात काही विसरला नव्हता. निळ्याचं पिवळं झालं ते साडेसातला.

चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. साडेसातच.

गुरुवारी त्याच वेळेला सात भरली. शुक्रवारी पावणेसात, शनिवारी सव्वासहा. रविवारी लेकीने कागदावरच्या सूचनेबरहुकूम बादलीभर पाणी बदललं, मग अल्कलिनिटी वाढवणारी सोड्याची पूड कालवून एकदम ओतली. मास्तरांनी तपासलं. साडेआठ!

"अगं, हे बघ," त्यांनी लेकीला वही दाखवली. "हा मोजतो कधी? रविवारी. सगळं ओतून झाल्यावर. म्हणजे जेवण झाल्या झाल्या विचारायचं, भूक लागली का. नाही म्हणणारच! ही बिचारी सहा दिवस उपाशी आणि सातव्या दिवशी आठवड्याचं जेवण एकदम."

"मग त्याला सांगा ना."

"मी कसं सांगू? त्याची टाकी आहे."

"तुम्ही दोघं म्हणजे ना," लेक बादली उचलत म्हणाली, "एका घरात राहून पत्रं लिहायला लागाल."

मास्तरांनी सांगितलं नाही. केलं ते भलतंच. आठवड्याच्या सोड्याचे सात वाटे करायचे आणि रोज एक घालायचा, एवढं त्यांचं बरोबर होतं. पण मंगळवारी त्यांनी कॅल्शियमही तपासलं, तेही जरा कमी निघालं, आणि मास्तरांच्या अंगात जुनी नोकरी संचारली. सकाळी सोड्याचं पाणी ओतलं आणि लगेच त्याच कोपऱ्यात कॅल्शियमचं.

टाकीत पांढरा ढग उठला. बघता बघता सगळं पाणी दुधासारखं झालं. मासे दिसेनात, प्रवाळ दिसेनात. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चुना होऊन बसतो, हे काल नोकरीला लागलेल्या माणसालाही समजतं! चौतीस वर्षांत ज्या चुकीबद्दल त्यांनी इतरांना फैलावर घेतलं असतं ती त्यांनी स्वतः केली होती, तीही दुसऱ्याच्या टाकीत.

लेक कामावर गेली होती. मास्तरांनी दोनदा फोन उचलून खाली ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"जावईबापू, मी तुमच्या टाकीची वाट लावली," ते एका दमात म्हणाले आणि मग बुधवारपासूनचं सगळं सांगून टाकलं. पेटी उघडली ते, वही वाचली ते, सोडा, कॅल्शियम, ढग.

पलीकडे कुठेतरी ड्रिल चालल्याचा आवाज. मग जावई चक्क हसायला लागला. मास्तरांनी त्याला असं हसताना कधी ऐकलंच नव्हतं.

"बाबा, पहिल्या महिन्यात मीही हेच केलं होतं. हिला सांगितलं नाही. पाण्याचं दूध झालंय, बघतोस काय, म्हणून ही ओरडत होती आणि मी म्हटलं, नवीन पाणी आहे, बसेल हळूहळू. पंप चालू आहेत ना? मग तीन-चार तासांत निवळेल. आज आता काही घालू नका."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "मासे मरायचे नाहीत ना?"

"नाही मरणार. पण बाबा, ते आकडे पुन्हा सांगा. बुधवारी किती?"

मास्तरांनी वाचून दाखवले. शनिवारच्या सव्वासहाला जावई म्हणाला, "अरे देवा."

"तुमचा साडेआठ खोटा नाही," मास्तर सांभाळून म्हणाले. "पण तो रविवारचा आहे. आम्ही केंद्रात पाणी तपासायचो, तसं गावाच्या पार टोकाच्या नळालाही जाऊन तपासायचो. केंद्राच्या टाकीपाशी सगळं छानच असतं हो. शेवटच्या नळाला काय पोचतं, ते बघायचं."

"मग आता काय करायचं?"

आठ महिन्यांत सल्ला मागणारा हा पहिला प्रश्न. मास्तरांनी खुर्ची ओढली, गुडघा सरळ केला आणि नीट बसले. पुढची चाळीस मिनिटं कामगार जावयाला हाका मारत होते आणि जावई त्यांना "आलो, आलो" म्हणत होता. ठरलं ते असं : साडेआठचा हट्ट सोडायचा. आठावरच ठेवायचं, पण रोज आठ. ढगामुळे आकडा उतरला असणार, तो चढवायचा तोही दिवसाला पाव-पाव करून. सोडा सकाळी, कॅल्शियम संध्याकाळी. आणि एकदम ओतायचं नाही.

त्यासाठी मास्तरांनी औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणली. सोड्याच्या पाण्याची बाटली खिडकीच्या गजाला उलटी टांगली आणि नळीचं चाक असं बसवलं की मिनिटाला चार थेंब पडावेत. लेक घरी आली ती दारातच थबकली.

"कोण आजारी आहे?"

"टाकी," मास्तर म्हणाले. "आता सुधारतेय."

त्यानंतर रोज सात वाजता फोन वाजायचा. पहिले दोन दिवस जावई आधी बायकोशी बोलायचा, तिसऱ्या दिवसापासून थेट "बाबांना दे." लेकीने एकदा फोन हातात धरूनच सुनावलं, "मी थकलेय म्हटलं की तू 'हं' म्हणतोस, आणि अल्कलिनिटी घसरली म्हटलं की पाऊण तास! उद्यापासून माझाही आकडा विचार." तेव्हापासून जावई आधी बायकोचा आकडा विचारायला लागला. ती दहापैकी सांगायची. "आज सहा. साहेब खवळले होते."

फोनवर पाण्याबरोबर इतरही काही काही यायला लागलं. सातव्या मजल्यावर लिफ्टचे रूळ ओळंब्यात बसत नव्हते, ते जावयाने सांगितलं. मास्तरांनी एकदा बायकोच्या आजारपणाबद्दल सांगितलं. ते त्यांनी लेकीपाशीही कधी नीट काढलं नव्हतं. जावयाने शेवटपर्यंत फोन ठेवला नाही.

दुसरा आठवडा संपता संपता आकडा आठावर आला आणि तिथेच बसला. सोमवारी आठ, गुरुवारी आठ, शनिवारी आठाला एक थेंब कमी. प्रवाळांनी घाई केली नाही. आधी एका जांभळ्याने दुपारी हात बाहेर काढले, मग दोघांनी. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मास्तर भिंग घेऊन हिरव्या बशीपाशी वाकले. पांढऱ्या कडेवर नखाएवढ्या जागेत हिरवट साय धरली होती. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग लेकीला हाक मारली, "अगं, लवकर ये, भात करपला तरी चालेल!"

भात खरंच करपला. दोघांनी तो हसत हसत खाल्ला. फोनवर मात्र मास्तरांनी यातलं काही सांगितलं नाही. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, असं त्यांना वाटत होतं.

जावई आला तो बुटांसकट टाकीपाशी गेला. लेक बुटांवरून काही बोलणार होती, मास्तरांनी तिला खुणेने थांबवलं. तो उकिडवा बसला आणि किती तरी वेळ उठलाच नाही. उठला तेव्हा डोळे ओले होते. ते लपवायला तो म्हणाला, "बाबा, ती कुपी डोळ्यांच्या रेषेत कशी धरायची, ते दाखवता का? मी वरून बघतो, त्यात गफलत होत असणार."

"होतेच," मास्तर म्हणाले. "आधी हात धुवा. आणि बूट काढा, नाहीतर आपल्या दोघांची काही धडगत नाही."

पुढे जावयाने सलाइनच्या जागी घड्याळावर चालणारा छोटा पंप बसवला. यंत्रावर विसंबू नये यावरून दोघांचा रोज कडाडून वाद व्हायचा, आणि वाद संपला की दोघं मिळून पाणी तपासायचे. तीन महिन्यांनी हिरव्या बशीची कड सगळीकडून भरून आली आणि वर बोटभर वाढली. एका सुटीच्या दिवशी जावयाने तिचा नाण्याएवढा तुकडा पक्कडीने अलगद तोडला, छोट्या दगडावर चिकटवला आणि दगड मास्तरांच्या तळहातावर ठेवला.

"हा तुमचा. जागा तुम्ही ठरवा."

मास्तरांनी बाह्या सरसावल्या, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि डावीकडचा खालचा कोपरा निवडला.

"तिथे प्रवाह कमी आहे, बाबा."

"असू दे. माझ्या खुर्चीतून तोच कोपरा दिसतो."

जावयाने क्षणभर विचार केला. मग उठून त्याने टाकीतल्या प्रवाहाच्या पंपाचं तोंड डावीकडे वळवलं.