बाबांचे पाय आणि मी

मी एक जुना दगड आहे, पाय घासायचा. मित्रांनो, दगड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी जड येत असेल. मला मात्र पाण्यात टाकलं तर मी तरंगतो. आग ओकणाऱ्या डोंगराच्या फेसातून माझा जन्म झाला आणि थंड होता होता अंगभर भोकं पडली. पुढे एका कारखान्यात मला मुठीत मावेल एवढं कापलं. मग औषधांच्या दुकानात साबणांशेजारी मी बराच काळ धूळ खात पडलो.

मला घरी आणलं एका कंडक्टरबाईंनी. हलत्या बसमध्ये दिवसभर पाय रोवून उभं राहायचं, त्यामुळे त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले होते. अरुंद बुटांनी करंगळीवर कुरूप उठवलं होतं. या दोघांतला फरक मी त्यांच्याच पायांवर शिकलो. घट्टा पसरट, पिवळसर. दाबला तरी फारशी कुरकूर करत नाही. कुरूप लहानसं, पण मधोमध खड्यासारखं कठीण. त्यावर बोट टेकलं तरी जीव कळवळतो.

कामावरून आल्या की बाई कोमट पाण्यात पाय सोडून बसायच्या. कातडी मऊ झाली की मला हलक्या हाताने फिरवायच्या, थोडंसंच. मग पाय कोरडे करून मलम लावायच्या. "तू नसतास तर माझं कसं झालं असतं," असं एकदा पुटपुटल्याही होत्या. कुरूप मात्र हटेना, कारण त्याचं मूळ बुटात होतं. नवे बूट घ्यायचं आज-उद्यावर ढकललं जायचं.

घरात त्यांचे वडील होते. बेकरीच्या भट्टीसमोर उभं राहून त्यांनी जन्म काढला होता. आता साखरेचा आजार होता आणि पावलं बधिर होत चालली होती. पाय रोज तपासा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेक मागे लागायची; बाबा विषय बदलायचे. लेकीपुढे पाय पसरून बसण्याइतका मी म्हातारा झालो नाही, म्हणायचे.

त्यांच्या अंगठ्याखाली कुरूप झालं होतं. एका दुपारी लेक कामावर असताना त्यांनी मला उचललं आणि करपलेला पत्रा खरवडावा तसं ते खसाखसा घासलं. वर दुकानातून आणलेली कुरूप जाळायची पट्टी चिकटवली. मला त्यांची कातडी फाटलेली कळत होती. त्यांना कळत नव्हती.

काही दिवसांनी कपडे धुताना बाईंच्या हाती त्यांचा मोजा लागला. तळाशी ओला, पिवळट, वास येणारा. त्या तशाच ओल्या हातांनी बाहेर गेल्या. न्हाणीघराचं दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, एवढी जखम! दुखत नव्हतं?"

"दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

मग रिक्षा आली.

अंगठा काढावा लागेल की राहील, हे डॉक्टरांनाही लगेच सांगता येईना. औषधं झाली, ड्रेसिंगच्या फेऱ्या झाल्या. अखेर जखम भरत आली आणि अंगठा वाचला. पण या पायांना यापुढे ब्लेड नाही, पट्टी नाही, दगडही नाही. काही वाटलं तर सरळ इकडे यायचं, अशी ताकीद मिळाली. मी फिनेलच्या बाटलीमागे जाऊन पडलो. वाईट वाटलं, पण डॉक्टरांचं बरोबर होतं.

बाबांच्या धावपळीत बाईंचं स्वतःकडे लक्षच नव्हतं. रोज संध्याकाळी त्या खाली बसून बाबांची पावलं मांडीवर घ्यायच्या, बोटांच्या बेचक्या पाहायच्या. बाबा खिडकीबाहेर बघत राहायचे. एकदा त्या उठताना लंगडल्या. बाबांनी खिडकीवरची नजर काढली.

"तुझा पाय बघू."

"माझं काय घेऊन बसलात? मला दुखतंय, म्हणजे मी ठणठणीत."

बाबा हसले नाहीत. "बस तिथे," एवढंच म्हणाले.

त्यांनी स्वतः टबात कोमट पाणी ओतलं. माझी शोधाशोध झाली. लेकीची टाच हातात घेऊन, फुगत ठेवलेल्या कणकेला हात लावावा इतक्या जपून त्यांनी मला फिरवलं. बाईंनी आधी पाय मागे ओढला, मग डोळे मिटून घेतले. करंगळी पाहिल्यावर बाबांनी तिचा बूट मागवला, आत बोटं घालून पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन दुकानात गेले. ऐसपैस बूट आले आणि कुरूप हळूहळू बसलं.

मित्रांनो, मी आता झिजून सुपारीएवढा उरलोय. माझं फार दिवस चालायचं नाही. तुम्ही एवढंच करा. तुमच्या घरात दिवसभर उभं राहणारं कुणी असेल, किंवा पाय दाखवायला लाजणारं कुणी असेल, तर आज त्यांचे मोजे काढायला लावा. ते नको म्हणतील. तरी खाली बसा आणि बघा.