तांदळाच्या डब्यातला पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना भारतीय पासपोर्ट आहे. नऊ वर्षांपूर्वी पुण्यात प्रणिताच्या हाती आलो, तेव्हा कसा निळाशार होतो. माझ्या पहिल्याच पानावर लिहिलंय, की या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्यावं. मला त्या वाक्याचा फार गर्व होता.

आता मी सिंगापुरात, यिशुनच्या एका फ्लॅटमध्ये, आंबेमोहोराच्या डब्यात राहतो. इथली हवा दमट, म्हणून प्रणिता मला तांदळात पुरते. विमानतळावर मला उघडलं, की दोन-चार दाणे सांडतात. रांग खोळंबली तरी ती ते वेचून घेते. शेजारची हुई मिन तिच्या सिंगापुरी पासपोर्टवर नुसती बॅग उचलून जपानला गेली. आमचं जायचं ठरलं, तेव्हा प्रणिता तीन आठवडे व्हिसासाठी कागद जमवत होती. तेव्हापासून ते वाक्य मी मनातल्या मनातच म्हणतो.

गेल्या महिन्यात तिच्या पुण्यातल्या शाळेच्या मास्तरांना रस्त्यातल्या खड्ड्यांवर विडंबन लिहिलं म्हणून पोलिसांची नोटीस आली. प्रणिताने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'हे कसलं स्वातंत्र्य?' आणि लगेच पुसलं. पुढच्या वर्षी माझं नूतनीकरण आहे, उगाच कुणाच्या डोळ्यांवर यायला नको, असं तिचं म्हणणं. तिचा नवरा अमेय म्हणाला, तुझे मेसेज मंडळातसुद्धा कुणी वाचत नाही, दिल्लीत कोण वाचणार?

त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने, ऋताने, मात्र वाचला होता.

पंधरा ऑगस्टला सेरंगूनच्या एका हॉलमध्ये मंडळाच्या कार्यक्रमात तिचं भाषण होतं. लिहिलेलं अर्थातच आईने. ऋताने देशाची खूण म्हणून मला हातात धरून पहिलं वाक्य म्हटलं, "माझ्या देशात सगळे निर्भयपणे बोलतात." मग ती थांबली.

"पण अजून एक वाक्य आहे. ते आईने बोलू नको सांगितलंय. बोलू का?"

पहिल्या रांगेतल्या अध्यक्ष निशिकांतकाकांनी घड्याळ पाहिलं आणि थोडक्यात बोल म्हणाले. ऋता मात्र आईकडे बघत होती. मी तिच्या घामेजल्या मुठीत भिजत होतो. प्रणिताने पर्सचा बंद दोनदा गुंडाळला, दोनदा सोडला.

"बोल," ती म्हणाली.

"मग आई ग्रुपवर लिहिलेलं का पुसते?"

कुणी हसलं नाही. मागून मंडळातल्या साधनामावशींचा बारीक आवाज आला, "मी तर लिहायच्या आधीच पुसते, गं." मग मात्र हॉल हसला, आणि निशिकांतकाकाही, जरा उशिरा.

घरी परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, प्रणिताने तोच मेसेज पुन्हा लिहिला, मास्तरांच्या नावासकट. पाठवताना डोळे मिटले होते, पण पाठवला. मग घरी येऊन मला पुसून पुन्हा तांदळात ठेवलं. भीती काही एका दिवसात जात नाही.

मित्रांनो, आम्हा पासपोर्टांना कोरडं ठेवा, जपा. पण मनातलं बोलणं डब्यात पुरू नका. मी तिथेच राहतो, म्हणून सांगतो, तिथे पोरकिडे फार होतात.