गोल पोहणारी शिवकन्या

शिवकन्या पळायला लागली की शिरूर कासारची कुत्रीसुद्धा तिचा नाद सोडत. सायकलीवर तर विचारूच नका! दूध सोसायटीची सचिव, वय चाळिशीला टेकलेलं, आणि बाईला खूळ कसलं, तर ट्रायथलॉनचं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. पण गेल्या वर्षी माजलगावच्या धरणात वेळ संपली तरी ही पाण्यातच. होडीवाल्यांनी दंडाला धरून वर ओढली. सायकल काठावर तशीच उभी. त्या दिवशी ती जी रडायला लागली, ती घर येईपर्यंत रडली. यंदा वेळेत आणि आपल्या पायांनी पाण्याबाहेर यायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

पण सराव करायचा तर पाणी नको? दुष्काळाचं साल, विहिरींनी तळ दाखवलेला. शेवटी सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव यांना गळ घातली. त्यांच्या शेततळ्यात मोसंबीपुरतं पाणी होतं.

"पोहा की, ताई," विठ्ठलराव म्हणाले, "पर थेंब भाईर सांडला न्हाई पायजे. माझी झाडं हायती त्याच्यावर."

मग काय! रोज सकाळी शिवकन्या कंबरेला दोर बांधून तळ्यात उतरायची. दोराचं टोक नवऱ्याच्या, भारतच्या हातात. बाहेर येताना वेणी तळ्यातच पिळायची, अंगावरचं पाणी तळ्यातच निथळू द्यायचं. वर बांधावर सासू छबुबाई पहाऱ्याला. एक थेंब इकडंतिकडं झाला तर त्यांचाच जीव जायचा.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. तळं चौकोनी. बाई निघाली समोरच्या काठाकडं, आणि हां हां म्हणता डावीकडं वळत वळत परत भारतच्या पायाशी.

"पोचले का हो?" तिनं धापा टाकत विचारलं.

"पोचलीस की. निघालीस तिथंच!"

पुन्हा गेली, पुन्हा तेच. छबुबाईंना हसू आवरेना. "अगं शिवे, खळ्यावरचा बैल हाईस का तू? गोल गोल का म्हून फिरतीस?"

शिवकन्येला असा राग आला! आणि त्या रागातच तिला उमगलं. लहानपणी ती पाठीला डबा बांधून बापाच्या विहिरीत पोहायला शिकली होती. गोल विहिरीत माणूस सरळ जाणार कुठं? कडेकडेनं डावीकडं वळायचं, आणि मान कायम वर, कारण काठावरून भाऊ ढेकळं मारायचे. विहीर आटून जमाना झाला, पण अंगातून जाईना मेली! म्हणजे धरणातसुद्धा ती अर्धा वेळ वळसेच घालत होती.

मग तिनं मान पाण्यात घातली. डोकं खाली गेलं तसे पाय आपसूक वर आले. डावा हात नुसता पाणी चाचपायचा, त्याला कामाला लावलं. श्वास एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. घरी तर बाजेवर पालथी पडून, घमेल्यात तोंड घालून बुडबुडे काढायची. शेजारच्या ताराबाईंनी ते पाहिलं आणि अंगारा घेऊनच आल्या.

एके सकाळी ती थेट समोरच्या काठाला थडकली. "आली गं बाई सरळ!" छबुबाईंनी टाळ्या पिटल्या. शिवकन्या हसताना घोटभर पाणी प्याली.

"तेवढं मोसंबीचं गेलं," भारत म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी धरणात ही गर्दी! पहिल्याच हिसक्याला कुणाची तरी लाथ पोहायच्या चष्म्यावर बसली. शिवकन्येची मान वर आली आणि अंग डावीकडं वळायला लागलं. "तुझ्या तर!" तिनं स्वतःलाच शिवी हासडली, तोंड पाण्यात खुपसलं आणि डाव्या हातानं पाणी असं ओढलं की वळायच्या खुणेचा नारिंगी फुगा बरोबर नाकासमोर. फुग्याला वळसा घालून ती परत फिरली. हात टाकत राहिली, टाकत राहिली, आणि एकदम बोटांना गाळ लागला.

"टाइम हाय! आजून टाइम हाय!" भारत काठावर बेंबीच्या देठापासून ओरडत होता. शिवकन्या गुडघाभर गाळातून धावली, पडली, उठली आणि काठावरच्या वेळ मोजायच्या कमानीखालून पार झाली. वेळेत!

तेवढ्यात मागं पाणी वाजलं. तिनं वळून पाहिलं. धरणात अजून डोकी होती. भारी भारी टोप्या घातलेली, पुण्याची, संभाजीनगरची. तिच्या मागं!

"अगं सायकल! सायकल घे!" भारत किंचाळला.

"थांबा हो जरा," शिवकन्या चिखलानं भरलेले हात कमरेवर ठेवून म्हणाली, "माझ्या मागं माणसं हायती. मला डोळं भरून बघू तर द्या!"