गाडीला जड झालेली आई

माझा नवरा भावेश गाडीला जपतो तसं त्याने मला जपलं असतं, तर मी आज दहा वर्षांनी लहान दिसले असते. एवढं जपूनही गेल्या महिन्यापासून गाडी चढ आला की धापा टाकायची. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज मोठा, वेग मात्र तोच.

अंबरनाथच्या पुलावर ती अशीच रडतखडत चढत होती. मागे माझी आई, तुळशी, बसली होती. भावेश हसत म्हणाला, "आई, तुम्ही उतरलात ना, तर गाडी पळेल बघा!"

आई हसली नाही. घरी पोचल्यावर तिचा फोन आला. "प्राचीच्या हलदीला मी नाय येनार गो. माज्या वजनान तुमची गारी थकते."

प्राची माझी मावसबहीण, हळद जांभूळ गावी, आणि आमच्या लग्नांत नवरा-नवरीची नावं गुंफून धवले गाणारी बाई म्हणजे आईच. तिच्या गाण्याशिवाय हळद लागणार कशी? मला रडूच आलं, आणि भावेशचा रागही.

त्याला धरून मी गाडी उल्हासनगरला राजू मेकॅनिककडे नेली. राजूने एअर फिल्टरचा डबा उघडला आणि आतून एक काळंकुट्ट फडकं ओढून काढलं. "भाभी, ये क्या है?"

जरीचा काठ ओळखीचा होता. दिवाळीपासून शोधत होते ती माझी नारिंगी ओढणी!

"एमआयडीसीत कामाला जातो ना, तिथली धूळ फिल्टरला लागू नये म्हणून..." भावेश पुटपुटला. "डबल घडी करून गुंडाळली होती."

"अरे, धूल रोकना फिल्टर का काम है. तुमने तो हवा ही रोक दी, गाड़ी खिंचेगी कैसे?"

नवा फिल्टर बसला. परतताना गाडी सुसाट पळाली.

हळदीच्या दिवशी ओढणी घेऊन तोच आईच्या दारात उभा राहिला. "आई, चुकलं माझं. गाडीला जड तुम्ही नव्हता, ही होती."

आईने ओढणी उलटसुलट करून पाहिली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. मी चालवत होते. पुलाच्या पायथ्याशी ती म्हणाली, "थांबव गो. जावयबुवा, उतरा. चढ हाय."

भावेश उतरला. आम्ही भुर्रकन पूल ओलांडून कडेला थांबलो. घाम पुसत येणारा जावई दिसताच आईने काच खाली केली, आवाज लावला, आणि नवरदेवाच्या जागी भावेशचं नाव घालून हळदीचा पहिला धवला तिथेच गायला.