चार वाजताचा चौकोन

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे बुरशीबाई म्हणत. ती मोजायची जिवाणू, बुरशी नव्हे. पण हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. बशीत नमुना घातला की बरोबर चोवीस तासांनी त्यावर उगवलेले ठिपके मोजायचे. नमुने दुपारी चारला यायचे, म्हणून मोजणीही चारलाच.

आणि साहेबांची बैठकही चारलाच. माणसाला विचारायची त्यांना सवय नव्हती. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये रिकामा चौकोन दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. बुरशीबाईचे चौकोन कायम रिकामे, कारण ऑफिसचं अ‍ॅप तिने फोनवर घेतलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात बैठक लांबली आणि बारा बशा फेकाव्या लागल्या. पुन्हा असं झालं तर मोजणी बाहेरच्या प्रयोगशाळेला देऊ, असं साहेबांनी सुनावलं होतं.

"घेऊन टाक ना ते अ‍ॅप," पासवर्डकाका म्हणाले. ऑफिसचे सगळे कंप्युटर ते सांभाळत.

"अटी वाचल्यात, काका? ऑफिसला वाटेल तेव्हा माझ्या फोनमधलं सगळं पुसता येईल, असं लिहिलंय."

"अगं, अटी कोण वाचतं?"

"मी वाचते. फोन माझा आहे. माझ्या टेबलावरच्या कंप्युटरवर थंडरबर्ड आहे, मेल वाचायचा प्रोग्रॅम, त्यात ऑफिसचं कॅलेंडर जोडते. कॅलेंडरचा पत्ता द्या."

काकांनी कुरकुरत पत्ता दिला. साहेबांच्या बैठका पडद्यावर दिसू लागल्या, पण तिची नोंद काही केल्या उमटेना.

"तरी सांगत होतो. कंप्युटरवरून नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. तीन वर्षं सगळ्यांना हेच सांगतोय."

ती पत्त्याकडे बघत राहिली. शेवटी टिंब आणि तीन अक्षरं होती, म्हणजे तो कॅलेंडरचा नव्हे, त्याची प्रत असलेल्या फाइलचा पत्ता होता. "काका, ही वहीची झेरॉक्स आहे. मला वही हवीय."

सर्व्हरची माहिती चाळून तिने दुसरा पत्ता शोधला, त्यात स्वतःचं नाव घातलं. या वेळी नोंद उमटली : 'मोजणी. पावणेचार ते पावणेपाच. रोज.' शेवटची तारीख तिने कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला साहेब दारात उभे. "बाई, रोज चारची वेळ अडवून ठेवलीय तुम्ही. बैठक कधी घ्यायची मी?"

"तीनला मी मोकळी आहे, साहेब. जिवाणूंना विचारून पाहिलं, त्यांना वेळ बदलणं जमत नाही."

"काढा ते."

"मी नाही काढणार. तुम्हाला अधिकार आहे, तुम्ही काढा. फक्त मोजणी कोणी रद्द केली, ते मी अहवालात लिहीन."

साहेबांनी तिच्या कंप्युटरपाशी उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. काका कळफलकावरची धूळ पुसू लागले.

तिने हातमोजे चढवले, पहिली बशी उचलली. "साहेब, जाताना दार ओढून घ्या. वारा लागतो."

दार लागलं. तिने मोजायला सुरुवात केली. बावीस ठिपक्यांपर्यंत पोचली तेव्हा कंप्युटर टिंग वाजला. काकांनी वाकून वाचलं.

"उद्याची बैठक तीनला," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, "तो दुसरा पत्ता मलाही दे गं."

"तेवीस," ती म्हणाली. "मोजून झाल्यावर."